ज्याच्या त्याच्या दमाची वाट

वाचकहो, हाताची पाची बोटे सारखी नसतात, असे आपण उठताबसता म्हणतो. म्हणतो खरे, पण वागताना विसरतो. शाळेच्या मैदानावर चाळीस पोरे एका रेघेवर उभी करून शिट्टी वाजवतो आणि मागे पडलेल्या पोराला हसतो. खुरपणीत जिची पात मागे राहिली तिला टोमणे मारतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तर ‘तुम्हाला नाही जमायचं, बसा गप’ म्हणून आधीच एका जागी बसवून टाकतो. आपला हेतू वाईट असतो असे नाही. पण आपल्याकडे वाट एकच असते. त्या एका वाटेवर जो चालेल तो शहाणा आणि जो अडखळेल तो बावळट, असा आपला सरळ हिशेब असतो.

आज तुम्हाला परमुलखातल्या एका जंगलाची हकिगत सांगायची आहे. त्या जंगलात सायकल चालवण्यासाठी मुद्दाम वाटा बांधल्या आहेत, आणि त्या एकसारख्या नाहीत. लहान पोरीला झेपेल अशी एक, दणकट गड्याचा घाम काढील अशी दुसरी आणि मधल्या दमाच्या माणसांसाठी मधल्या. तुम्ही म्हणाल, सायकल चालवायला जंगलात कशाला जायचे? आपल्या गावच्या रस्त्यावर चालवली तरी कंबर ढिली होते! थोडा धीर धरा, सांगते.

माझी लेक वेल्समध्ये एका दवाखान्यात परिचारिका आहे. वेल्स म्हणजे इंग्लंडला पश्चिमेच्या बाजूने लागून असलेला डोंगराळ मुलूख. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या दुपटीहून जास्त. पाऊस बारा महिने, त्यामुळे डोंगर सदा हिरवे. त्यांची स्वतःची वेल्श भाषा आहे, इंग्रजीशी तिचे काही जुळत नाही, आणि ती त्यांनी जिवापाड जपली आहे. पाट्या दोन्ही भाषांत असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात मी आणि आमचे हे महिनाभर लेकीकडे राहून आलो. तेव्हा एका रविवारी जावयांनी आम्हाला या जंगलात नेले.

जंगलाचे नाव कॉइड अ ब्रेनिन. वेल्श भाषेत याचा अर्थ राजाचे रान. उत्तर वेल्समध्ये डोल्गेथ्लाय नावाच्या छोट्या बाजारगावाजवळ, स्नोडोनियाच्या डोंगरात ते पसरले आहे. सुमारे ९ हजार एकरांचे आहे. नाव ऐकून मला वाटले, जुने राजेरजवाड्यांच्या शिकारीचे रान असेल. पण तसे नाही. हे रान लावलेले आहे, आपण ऊस लावतो तसे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला लाकडाचा फार तुटवडा पडला. म्हणून १९१९ मध्ये तिथे सरकारी वन आयोग स्थापन झाला आणि त्याने ओसाड डोंगर घेऊन त्यांवर सूचिपर्णी झाडे लावायचा सपाटा लावला. हे रानही त्यातलेच. १९३५ मध्ये पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे झाली, त्याची आठवण म्हणून त्याला राजाचे नाव दिले.

म्हणजे मूळ पीक लाकडाचे. झाड वाढले की तोडायचे, विकायचे आणि पुन्हा लावायचे. सायकलींच्या वाटा हे त्यातले आंतरपीक. ते कसे आले, तेही ऐकण्यासारखे आहे.

डोंगरात सायकल घालायचे खूळ निघाले अमेरिकेत. कॅलिफोर्नियात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. तिथली काही तरणी मुले १९७० नंतरच्या दशकात जुन्या, जाड टायरच्या, चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सायकली घेऊन डोंगराच्या मातीच्या रस्त्याने खाली सुटायची. त्या सायकलींना ब्रेक कसा, तर पायडल उलटे दाबायचे. उतार इतका तीव्र, की खाली येईपर्यंत मागच्या चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर फेरीनंतर नवे ग्रीस भरावे लागायचे. नवे ग्रीस भरणे याला इंग्रजीत रिपॅक म्हणतात, म्हणून त्या उताराचेच नाव रिपॅक पडले. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ची. पुढल्या वर्षी, १९७७ मध्ये, जो ब्रीझ या त्यांच्यातल्याच एकाने खास डोंगरासाठी सायकलीची नवी चौकट जोडून काढली. मग कारखाने लागले, सायकली जगभर गेल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींची शर्यत दाखलही झाली.

सायकली तर आल्या, पण त्या चालवायच्या कुठे? लोक पायवाटांवर घालू लागले. चालणारी माणसे वैतागली, वाटा उखडल्या, भांडणे झाली. तेव्हा कॉइड अ ब्रेनिनमध्ये वन आयोगाकडे काम करणारे दावीद डेव्हिस यांनी वेगळा विचार केला. ‘सायकलींना बंदी’ अशी पाटी लावण्यापेक्षा सायकलींसाठीच वेगळी वाट बांधून द्यावी, पण अशी बांधावी की ती पावसात टिकेल. १९९० नंतरच्या दशकात, हौशी लोकांना हाताशी धरून, कुदळ-फावड्याने त्यांनी पहिल्या वाटा काढल्या. एका पेयाच्या कंपनीने मदत केली म्हणून एका वाटेला तिचे नाव मिळाले, रेड बुल. आज त्याच वाटेला टारू म्हणतात. टारू म्हणजे वेल्शमध्ये वळू. खास डोंगरी सायकलींसाठी वाटा बांधलेले ब्रिटनमधले पहिले ठिकाण म्हणून या जंगलाचे नाव घेतात.

आता या वाटा बांधतात कशा, हे मी अगदी बारकाईने पाहिले. आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. श्रमदानात समतल चर खणताना माझ्याही तळहाताला फोड आले आहेत. त्यामुळे डोंगराला कुदळ कशी लावली आहे, इकडे माझी नजर आधी गेली. आणि काय सांगू, विद्या तीच! आपला शत्रू आणि त्यांचा शत्रू एकच, धावणारे पाणी.

वाट सरळ डोंगराच्या उताराने खाली सोडली, की पहिल्या पावसात तिची घळ होते. म्हणून वाट डोंगराच्या अंगाअंगाने, आडवी नेतात. वाट बांधणाऱ्यांचा ठोकताळा असा, की डोंगराला जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला द्यायचा नाही आणि सरासरीने शंभर फुटांना दहा फुटांच्या पुढे जायचे नाही. वाट खालच्या अंगाला किंचित कलती ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवे ओलांडून निघून जाते. शिवाय थोड्या थोड्या अंतरावर वाट मुद्दाम जराशी वर उचलतात. मागून वाहत आलेले पाणी तिथे अडते आणि बाजूला उतरते. जिथे जमीन फारच मऊ तिथे दगड उभे, घट्ट बसवतात, धरणाच्या भिंतीला पिचिंग करतात तसे. बांध घालणाऱ्या माणसाला हे काम एका दृष्टीत कळेल. फरक एवढाच, की आपण पाणी जमिनीत मुरावे म्हणून अडवतो आणि ते वाट वाचावी म्हणून पाण्याला लवकर निरोप देतात.

पण मला ज्याचे अप्रूप वाटले ते निराळेच. ते होते वाटेच्या तोंडाशी लावलेल्या पाटीचे.

ब्रिटनभर जंगलांतल्या अशा वाटांना चार रंग दिलेले असतात. हिरवा रंग सोप्या वाटेचा. ही रुंद, बहुतेक सपाट, जिथे साधी सायकल येणाऱ्या कुणालाही जाता यावे अशी. निळा त्याहून जरा अवघड. वाट अरुंद होते, वळणे येतात, चढउतार लागतात, पण अंगावर येणारे काही नसते. तांबडी वाट कठीण. तिच्यावर खडक, मुळ्या, पायऱ्यांसारखे उतार आणि लांबलचक चढ. काळी वाट सर्वांत अवघड. रोजचा सराव आणि पक्का तोल असणाऱ्यानेच तिच्या वाटेला जावे. पाटीवर नुसता रंग नसतो. वाट किती लांब, जमीन कशी, चढ किती, कोणाला झेपेल, सगळे स्पष्ट लिहिलेले. या जंगलातली सर्वांत अवघड वाट ३८ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिचे नावच मुळी ‘ब्रेनिनचे जनावर’. हिरवी वाट सुमारे ११ किलोमीटरची. तिचे नाव ‘अर आवॉन’, म्हणजे नदी. ती नदीकाठाने धबधब्यांकडे जाते आणि जुन्या सोन्याच्या खाणीचे पडके अवशेषही तिच्यावर लागतात.

वाटेवर आणखी दोन युक्त्या असतात. अवघड वाटेवरचा एखादा कठीण टप्पा बांधणारे मुद्दाम सुरुवातीलाच ठेवतात. म्हणजे ज्याला तो जमणार नाही त्याला तिथेच कळते आणि तो दारातूनच परत फिरतो. पाच मैल आत जाऊन अडकत नाही. आणि पुढे एखादा वाईट उतार आला, की बऱ्याच ठिकाणी त्याच्या बगलेने एक सोपी पळवाट ठेवलेली असते. उडी मारायची तर सरळ जा, नको वाटली तर बगलेने जा. पुढे दोघे एकाच वाटेला लागतात. बगलेने गेलेल्याला कोणी हाक मारून हसत नाही.

आता घरची गोष्ट सांगते, कारण हे सारे मला पटले ते तिच्यामुळे.

आमच्या ह्यांनी वीस वर्षे डेअरीला दूध घातले. सायकलच्या कॅरियरला दोन्ही अंगांनी कॅनी बांधून, पहाटे अंधारात, रोज सहा मैल जायचे आणि सहा मैल यायचे. पावसापाण्यात एक दिवस खाडा नाही. गावात त्यांचा दम नावाजलेला होता. मग गुडघे गेले. दोन वर्षांपूर्वी एका गुडघ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले, हळूहळू सायकल चालवा, चांगलेच आहे. पण हे काही सायकलला हात लावीनात. एकदा बाजारात कोणीतरी थट्टेने म्हटले होते, ‘आता तीनचाकी घ्या, पाटील!’ ते मनात रुतून बसले. सायकल पडवीत टेकवून ठेवली. रोज फडक्याने पुसायचे, पण बसायचे नाही.

त्या रविवारी जंगलाच्या तोंडाशी गाडी लावली, तेव्हा जावई म्हणाले, “मामा, चला, तुमच्यासाठी पण सायकल भाड्याने घेऊ.”

हे म्हणाले, “तुम्ही जा पोरांनो. मी गाडीत बसतो. माझ्यामुळं तुमचा खोळंबा नको.”

मला ठाऊक होते, हा खोळंब्याचा प्रश्न नव्हता. जावई, नातू पुढे निघून जातील आणि आपण मागे धापा टाकत राहू, ही भीती होती. ज्याने आयुष्यभर सगळ्यांना मागे टाकले, त्याला मागे राहणे जमत नाही.

लेकीने त्यांना हाताला धरून पाटीपाशी नेले आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. ही वाट एवढ्या रुंदीची, ही एवढ्या चढाची, ही अशांसाठी, ही तशांसाठी. ह्यांनी सगळे ऐकून घेतले. जरा वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे यांनी वाटेची प्रतवारी लावलीय म्हणायची. कांद्याची लावतात तशी.”

“होय आबा,” लेक म्हणाली, “वाटेची. माणसाची नव्हे.”

वाचकहो, तिने हे सहज म्हटले. पण माझ्या मनात ते घर करून राहिले आहे. आपण प्रतवारी लावतो ती माणसांची. हा हुशार, तो ढ. ही कामाची, ती आळशी. तो तरणा, हा थकलेला. एकदा शिक्का बसला की पुसत नाही. त्या पाटीने ह्यांना ‘तुम्ही थकलात’ असे सांगितले नाही. तिने फक्त सांगितले, की ही वाट अशी आहे. निवड ज्याची त्याने करायची. आज हिरवी घ्या, पुढच्या वेळी निळी घ्या, नाहीतर जन्मभर हिरवीवरच राहा. वाटेला त्याचे काही नाही.

ह्यांनी हिरवी वाट घेतली. मीही त्यांच्याबरोबर. लहानपणी भावाच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकले होते, ते त्या दिवशी उपयोगी पडले! दहा वर्षांची नात आईबरोबर निळ्या वाटेने गेली.

खरी गंमत झाली नातवाची. पोरगा चौदा वर्षांचा, अंगात रग. त्याला काळ्या वाटेनेच जायचे होते, कारण त्याचा एक मित्र म्हणे गेला होता. त्याच्या बापाने त्याला ‘नाही’ म्हटले नाही. रागावलेही नाहीत. सुरुवातीलाच सरावाची एक जागा केलेली आहे, तिथे त्याला घेऊन गेले. तिथे लहानमोठ्या उड्या, दगडांचे चढ, तीव्र वळणे, वाटेवर जे जे भेटणार त्याचे नमुने मांडून ठेवले आहेत. जावई म्हणाले, “यातली सर्वांत मोठी उडी तीन वेळा न पडता मार. मग आपण काळ्या वाटेचा विचार करू.” पोराने दोनदा प्रयत्न केला. दोनदा सायकल आडवी झाली. तिसऱ्यांदा तो स्वतःच म्हणाला, “बाबा, आपण तांबडी छोटी करू या.” त्या छोट्या तांबड्या वाटेचे नाव ‘टेम्टिऊर’, म्हणजे मोह घालणारा. नाव मोठे समर्पक आहे. बापलेक दोघे तिने गेले. बापाला पोराला अडवावे लागले नाही आणि पोराचे नाकही कापले गेले नाही. सांगायचे काम जमिनीनेच केले.

आम्ही दोघे नदीकाठाने रमतगमत निघालो. पहिला मैलभर हे काही बोलले नाहीत. पायडलावरच्या त्या पायाकडे बघत चालवत होते. मग सपाटी लागली तशी सायकल आपोआप पुढे जायला लागली. एका ठिकाणी उतरून चढ चालत चढलो. मागून एक बाई हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून आली. कमरेखाली तिला बळ नव्हते. तिने हात वर करून आम्हाला नमस्कार केल्यासारखे केले आणि पुढे निघून गेली. ती गेल्यावर हे बराच वेळ तिकडे बघत उभे राहिले. “तीनचाकीच आहे की,” एवढेच म्हणाले आणि सायकलवर बसले. बाजारातली ती थट्टा त्या वाटेवर कुठेतरी गळून पडली असावी. पूर्ण वाट काही आम्ही केली नाही. निम्म्यातून परत फिरलो, कारण तेवढाच आमचा दम होता.

ही तीनचाकी सायकल चालायची तर वाट बांधतानाच विचार करावा लागतो. चाके रुंद, म्हणून वाट रुंद हवी. एका अंगाला जास्त कलती वाट असली तर ती उलटते, म्हणून कल बेताचा हवा. मध्ये एखादे फाटक अरुंद असले तर पुढची सगळी वाट फुकट. इथल्या निळ्या वाटेचा काही भागही अशा सायकलींना चालावा म्हणून तयार केलेला आहे. अपंगांसाठी वेगळे कुंपण घालून वेगळी बाग नाही. त्याच जंगलात, त्याच वाटेवर, सगळ्यांच्या बरोबर.

दुपारी आम्ही सगळे जंगलाच्या तोंडाशी असलेल्या उपाहारगृहात जमलो. कोणी अकरा किलोमीटर करून आलेले, कोणी वीस. कोणाच्या पाठीपर्यंत चिखल, कोणाचा कपडासुद्धा मळलेला नाही. चहा मात्र सगळ्यांना एकाच किटलीतला. नात आपल्या निळ्या वाटेची वळणे सांगत होती, नातू गुडघ्याचे खरचटलेले दाखवत होता, आणि हे नदीतल्या पाण्याचा हिशेब मांडत होते, की एवढे पाणी आपल्या ओढ्याला असते तर! प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काहीतरी होते. एकाच वाटेने नेले असते, तर एकजण सांगत बसला असता आणि बाकीचे ऐकत बसले असते.

अशा जंगलांनी आसपासच्या गावांना आधारही दिला. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. साठ लाखांहून जास्त जनावरे मारून टाकावी लागली. रोग पसरू नये म्हणून रानातल्या पायवाटा बंद केल्या, आणि तेव्हा लोकांच्या ध्यानात आले, की खेड्यांत येणारा पाहुणा थांबला तर खाणावळी, दुकाने, घरगुती मुक्कामाच्या खोल्या सगळेच बसते. दक्षिण स्कॉटलंडला त्या साथीने फार झोडपले होते. तिथे पुढच्या काही वर्षांत जंगलांमध्ये अशाच सायकलवाटांची सात केंद्रे उभी राहिली. त्यांना ‘सेव्हन स्टेन्स’ म्हणतात. स्टेन म्हणजे तिकडच्या बोलीत दगड. प्रत्येक जंगलात एक कोरीव दगड उभा केला आहे. ओसाड पडलेल्या भागात माणसे पुन्हा येऊ लागली.

पण सगळे गोडच आहे, असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. आंतरपिकालाही खत-पाणी लागते. मुख्य पिकावर रोग आला तर त्याची झळ आंतरपिकाला लागते. वेल्समधल्या लार्च नावाच्या झाडांवर २०१० पासून एक रोग पसरला. आपल्या संत्रा-मोसंबीवर डिंक्या आणणाऱ्या फायटोप्थोराच्याच कुळातला. रोगट झाडे तोडावी लागतात आणि तोड चालू असली की तिथली सायकलवाट बंद ठेवावी लागते. वाटांवर फिरणे फुकट आहे, फक्त गाडी लावायचे पैसे घेतात. पण वाट दर पावसाळ्यात झिजते, दगड निसटतात, पूल कुजतात. त्याचा खर्च कोणाच्या तरी खिशातून येतोच.

तो खर्च भारी झाला. हे जंगल आता ज्या सरकारी खात्याकडे आहे, त्याने पैशाच्या ओढाताणीमुळे इथले उपाहारगृह आणि दुकान चालवणे ३१ मार्च २०२५ रोजी थांबवले. वाटा, गाडीतळ आणि स्वच्छतागृहे उघडी ठेवली. लेकीने फोनवर सांगितले तेव्हा मला खरेच वाईट वाटले. तुम्ही म्हणाल, वाटा तर आहेत ना, चहाचे काय एवढे? मला तसे वाटत नाही. ज्याला त्याला त्याच्या दमाची वाट दिली, हे निम्मे काम. वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसे पुन्हा एका ठिकाणी बसली पाहिजेत, हे उरलेले निम्मे. नाहीतर दणकट दणकटांत राहतील, दुबळे दुबळ्यांत राहतील आणि एकमेकांची तोंडे बघणार नाहीत. आपल्या गावचा पार असतो तो याचसाठी. त्या भागातल्या लोकांनाही हे कळले. ही जागा आपल्या हाती चालवायला द्या, म्हणून त्यांनी गट केला आणि पाठपुरावा केला. पार पडका राहू द्यायचा नाही, ही जिद्द मला आपली वाटली.

आता आपण यातून काय घ्यावे? उद्याच कुदळी घेऊन सह्याद्रीत सायकलवाटा खणा, असे मी मुळीच सांगत नाही. राखीव वनात परवानगीवाचून जमीन उकरणे गुन्हा आहे, आणि आपल्या रानात बिबट्याही आहे. वेल्सचे वेल्सला शोभते. पण पाटीमागचा विचार आपल्या शिवारातही उगवेल.

गावठाणाभोवती शंभर-दोनशे पावलांची सपाट, खड्डे नसलेली एक वाट म्हाताऱ्यांसाठी आणि बाळंतिणींसाठी करता येईल. दर पन्नास पावलांवर बसायला एक दगड. टेकडीवरच्या देवळाला पायऱ्यांची वाट असतेच. तिच्या बगलेने वळसा घेत जाणारी हलक्या चढाची दुसरी वाट श्रमदानात निघू शकते, जागेच्या मालकाला विचारून. समतल चर खणणाऱ्या हातांना ते अवघड नाही. शाळेच्या मैदानावर उडीसाठी एकच दोरी न बांधता तीन उंचींवर तीन दोऱ्या बांधाव्यात, आणि कोणती घ्यायची ते पोरावर सोडावे. पुढची दोरी त्याला आपोआप खुणावते, ढकलावे लागत नाही. सायकल मिळालेल्या मुलींना पहिल्या दिवशीच डांबरी रस्त्यावर ट्रकच्या पुढ्यात न घालता खळ्यावर, मग गाडीवाटेवर, मग रस्त्यावर असे चढत्या क्रमाने शिकवावे. घरात नव्या सुनेला पहिल्याच दिवशी वीस माणसांच्या भाकरी थापायला बसवू नये, हेही त्यातच आले.

मात्र एक पथ्य आहे. पाटीवर खरे लिहावे. अवघड वाटेला सोपी म्हटले तर माणूस पडतो आणि सोपीला अवघड म्हटले तर कोणी तिच्याकडे फिरकत नाही. काम सांगताना, सोयरीक जुळवताना, कर्ज देताना-घेताना, सगळीकडे हेच. वाट कशी आहे ते आधी नीट सांगावे, आणि मग निवडणाऱ्यावर विश्वास टाकावा.

आमचे हे आता रोज सकाळी पडवीतली सायकल काढून विहिरीपर्यंत जातात आणि येतात. अर्धा मैल भरेल. परवा बाजारातल्या त्याच माणसाने विचारले, ‘काय पाटील, परत डेअरीला दूध का?’ तर म्हणाले, ‘नाही बाबा, मी सध्या हिरव्या वाटेवर आहे.’ त्याला काही कळले नाही. तुम्हाला कळले असेल.

तुमच्या गावात, शाळेत किंवा घरात असा काही प्रयोग कोणी केला असेल, पुढे करून पाहिला, तर तो जमला की फसला ते या पानावर जरूर कळवावे. ज्याला जेवढे जमले तेवढे लिहावे. ज्याची त्याची वाट वेगळी असली, तरी हे पान आपल्या सगळ्यांच्या बसण्याचा पारच आहे.